जुन्या वाड्याचा नवा कारभारी

नाटक रंगले तर नटाने रंगवले आणि पडले तर दिग्दर्शकाने पाडले, असा आपल्याकडचा जुना हिशेब आहे. ऑपेराच्या जगात हा हिशेब याहून कडक. तिथे आधी गायिकेची वाहवा, मग गायकाची, मग वाद्यवृंदाच्या कंडक्टरची (बसच्या नव्हे, हातात छडी घेऊन उभा राहतो त्याची), आणि मग संगीतकाराची. तो बिचारा बहुधा शेदीडशे वर्षांपूर्वीच वारलेला असतो. एवढे झाले की पहिल्या प्रयोगाच्या रात्री विंगेतून आणखी एक गृहस्थ बाहेर येतात. सबंध रात्रीत त्यांनी एक सूर लावलेला नसतो की एक तार छेडलेली नसते. आणि तरीही पुष्कळदा असे घडते की त्यांना पाहताच निम्मे सभागृह टाळ्यांचा कडकडाट करते आणि उरलेले निम्मे ‘बू’ असा लांबलचक आवाज काढून त्यांची हुर्यो उडवते. गृहस्थ दोन्ही बाजूंना सारखेच वाकून नमस्कार करतात. हे ऑपेराचे दिग्दर्शक.

अशाच एका गृहस्थांची ओळख यंदाच्या दिवाळीत वाचकांना करून द्यावी असे मनात आहे. नाव बॅरी कॉस्की. जन्म १९६७ चा, गाव मेलबर्न, मुलूख ऑस्ट्रेलिया आणि कर्मभूमी बर्लिन.

विषय ऐकताच आमच्या सौभाग्यवतींनी फराळाच्या कामातून मान वर केली. म्हणाल्या, “ऑपेरा म्हणजे ती बाई मरायला टेकली तरी पंधरा मिनिटं गात असते, तेच ना?”

“तेच.”

“मग त्यात दिग्दर्शक काय करतो? तिला लवकर मर म्हणून सांगतो?”

प्रश्न थट्टेचा असला तरी मुद्द्याचा आहे. दिग्दर्शकाला नेमके तेच सांगता येत नाही! गद्य नाटकाच्या दिग्दर्शकाला वेळ आपल्या हाताने वाकवता येतो. इथे थांब, तिथे धाव, हे वाक्य गिळून टाक, असे तो नटाला सांगू शकतो. आपल्या संगीत नाटकातही पदे असली तरी मधे गद्य असे. आणि गवई रंगात आला, वर वन्समोअर पडला, की पाच मिनिटांचे पद पाऊण तास चाले. ऑपेरात तसे नाही. बहुतेक ऑपेरांत पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे गायचे, आणि सूर न् सूर, थांबा न् थांबा संगीतकाराने कागदावर लिहून ठेवलेला. हँडलसारख्या अठराव्या शतकातल्या संगीतकाराकडे तर पात्र एक कडवे गाते, मग दुसरे गाते, आणि पुन्हा पहिलेच कडवे नव्या हरकती घेऊन गाते. नायिकेने ‘मी सूड घेईन’ असे एकदा सांगितले. आता तेच ती पुन्हा का सांगते आहे? पहिल्या वेळी ती रागावली होती, दुसऱ्या वेळी घाबरली आहे काय? की आपल्याच शब्दांची तिला गोडी लागली आहे? या ‘का’ला उत्तर शोधणे आणि ते गायिकेच्या चालण्याबोलण्यातून प्रेक्षकाला दाखवणे, हा दिग्दर्शकाचा धंदा. वेळ दुसऱ्याने ठरवलेला, कारण मात्र आपण शोधायचे.

धंदा म्हटला की त्याचे वेळापत्रक आले. युरोपातल्या मोठ्या ऑपेरागृहांत नव्या प्रयोगाचे बोलणे तीन-चार वर्षे आधी होते, कारण नावाजलेल्या गायकांच्या तारखा तेवढ्या आधीच भरतात. पहिल्या रात्रीच्या पुष्कळ आधी एके दिवशी रंगमंचावर लाकडी सांगाडे, कापडे आणि काठ्या उभ्या करून नेपथ्याची कच्ची मांडणी पाहतात. तालमी साधारण सहा आठवडे. त्यातल्या बहुतेक नुसत्या पियानोवर. वाद्यवृंद महागडा असल्यामुळे तो शेवटी येतो. गायक आणि वादक पहिल्यांदा एकत्र भेटतात ते खुर्च्यांवर बसून, अभिनयाशिवाय. त्यानंतर रंगीत तालीम, मग पहिली रात्र. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक बॅग भरून पुढच्या गावी जातो, आणि त्याने काय सांगितले होते याची वही सांभाळत एक सहायक पुढची पाच-दहा वर्षे तो प्रयोग जिवंत ठेवतो. लग्न लावून निघून जाणाऱ्या भटजीसारखे हे काम आहे. संसार दुसऱ्यांनी करायचा.

कॉस्कींचे वेगळेपण असे की त्यांनी नुसती लग्ने लावली नाहीत. दहा वर्षे एक सबंध घर चालवले.

पण आधी मेलबर्न. कॉस्कींचे आजी-आजोबा युरोपातून ऑस्ट्रेलियात येऊन वसलेले ज्यू. एक आजी हंगेरीची. बुडापेस्टच्या वैभवी ऑपेरागृहाच्या आठवणी उराशी धरून बाई जगाच्या दुसऱ्या टोकाला आली होती. नातू सात वर्षांचा झाला तेव्हा तिने त्याला पहिला ऑपेरा दाखवला: पुचिनीचा ‘मादाम बटरफ्लाय’. आणि मग आजी-नातवाची ती रीतच पडली. आजीची शिस्त अशी की आधी गोष्ट समजून घ्यायची, रेकॉर्ड ऐकायची आणि मगच थिएटरात जायचे. आईबापांच्या शाळेत शिकले ते विसरते, आजीच्या शाळेत शिकले ते टिकते, हा अनुभव मेलबर्नला आणि माजगावला सारखाच असावा.

पुढे मुलगा मेलबर्न विद्यापीठात पियानो आणि संगीताचा इतिहास शिकला. १९९० मध्ये त्याने एक नाटकमंडळी काढली. तिचे नाव ‘गिल्गुल’. हा हिब्रू शब्द आहे, आणि त्याचा अर्थ आपल्याला कोशात पाहावा लागू नये: एका देहातून दुसऱ्या देहात जाणारा आत्म्याचा फेरा! जीर्ण वस्त्र टाकून नवे नेसण्याची गोष्ट गीतेमुळे आपल्या घराघरांत माहीत. ज्यूंच्या गूढ परंपरेतही ती आहे. बावीस-तेवीस वर्षांच्या पोराने आपल्या मंडळीला हे नाव दिले, आणि मला वाटते, पुढे आपण आयुष्यभर काय करणार हेच त्याने एका शब्दात सांगून टाकले. कारण ऑपेराचे दिग्दर्शन म्हणजे दुसरे काय? आत्मा जुनाच, देह दर वेळी नवा शोधावा लागतो.

१९९६ मध्ये, वयाची तिशीही उलटायच्या आत, ॲडलेडच्या प्रसिद्ध कलामहोत्सवाची सूत्रे त्यांच्या हाती होती. २००१ ते २००५ व्हिएन्नातल्या ‘शाउश्पीलहाउस’ या नाट्यगृहाचे ते एक संचालक होते. मधल्या काळात सिडनीला ओव्हिड या रोमन कवीच्या कथांवरून आठ तासांचे नाटक त्यांनी उभे केले (२००६). आणि २०१२ मध्ये बर्लिनच्या ‘कोमिशे ओपर’ या ऑपेरागृहाचे ते प्रमुख झाले.

या घराचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा, कारण माणसाची खरी ओळख तो कोणत्या घरात गेला आणि तिथे त्याने काय केले यावरून होते. इमारत १८९२ ची. पुढे तिचे नाव ‘मेट्रोपोल थिएटर’ पडले. बर्लिन त्या काळी हसऱ्या संगीताची राजधानी होती, आणि मेट्रोपोलमध्ये ऑपेरेटांचा बाजार भरे. ऑपेरेटा म्हणजे ऑपेराची धाकटी, चवचाल बहीण: चटपटीत संवाद, नाच, फाजील नवरे, त्यांहून फाजील बायका आणि दुसऱ्या दिवशी टांगेवाल्यानेही शीळ घालावी अशा चाली. या ऑपेरेटा लिहिणारे, त्यांना चाली लावणारे, त्यात गाणारे पुष्कळसे लोक ज्यू होते. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर सत्तेवर आला आणि वर्षभरातच हे सारे गोकुळ उधळले गेले.

महायुद्धात बाँब पडून या इमारतीचा दर्शनी भाग गेला. आतले सोनेरी नक्षीचे, लाल मखमलीचे प्रेक्षागृह मात्र वाचले. १९४७ मध्ये वाल्टर फेल्सेनश्टाइन या दिग्दर्शकाने त्यात कोमिशे ओपरची स्थापना केली. गायकाने आधी नट असले पाहिजे, त्याच्या गाण्याला दर क्षणी कारण असले पाहिजे, हा त्यांचा हट्ट. त्यापायी ते महिनोन्‌महिने तालमी घेत. शहराची फाळणी झाली तेव्हा हे घर पूर्व बर्लिनमध्ये, साम्यवाद्यांच्या बाजूला गेले. १९६० च्या दशकात त्याला बाहेरून नवी, साधी, सरकारी कचेरीसारखी दिसणारी भिंत मिळाली. म्हणजे बाहेरून पाहाल तर कचेरी, दार उघडून आत जाल तर राजवाडा! असे हे घर. काही वर्षांपूर्वी पुतण्याकडे बर्लिनला गेलो होतो तेव्हा त्याने मला तिथे नेले. इमारत मोठ्या दुरुस्तीसाठी बंद व्हायची होती, त्याच्या आधीची ही गोष्ट. (२०२३ पासून मंडळी शहरातल्या शिलर थिएटरात प्रयोग करू लागली.)

मी खुर्चीत बसलो आणि समोर पाहिले तर पुढच्या खुर्चीच्या पाठीवर छोटी पाटी उजळलेली. पुतण्या म्हणाला, “काका, बटण दाबा. गाण्याचा अर्थ इंग्रजीत येईल.” बटण दाबले. भाषांच्या यादीत जर्मन होती, इंग्रजी होती आणि तुर्कीही होती. तुर्की कशाला, असे मी विचारले. तेव्हा कळले की १९६१ च्या करारानंतर लाखो तुर्की मजूर पश्चिम जर्मनीत कामाला आले आणि त्यांची नातवंडे आता बर्लिनकर आहेत. ती आपण होऊन ऑपेराला येत नाहीत, म्हणून या घराने त्यांच्या वस्त्यांत एक छोटी बस पाठवायला सुरुवात केली; तिच्यातून गायक-वादक उतरतात आणि तिथेच, अंगणात किंवा एखाद्या सभागृहात, छोटा खेळ करतात. ऑपेरा म्हणजे हिऱ्यामोत्यांचे दागिने घातलेल्या लोकांनी दुर्बिणीतून पाहायची चीज, हा समज पुसण्याचे हे प्रयत्न.

मी पाहिला तो मोझार्टचा ‘जादूची बासरी’. मोझार्टच्या शेवटच्या वर्षातली, १७९१ ची ही कृती; आणि गंमत अशी की ही आपल्या संगीत नाटकासारखी, म्हणजे पदांच्या मधे गद्य संवाद असलेली. कॉस्कींनी २०१२ मध्ये ‘१९२७’ या इंग्रज नाटकमंडळीच्या सुझॅन अँड्रेड यांच्या जोडीने हा प्रयोग बसवला, आणि चलच्चित्रे काढली पॉल बॅरिट यांनी. रंगमंचावर नेपथ्य म्हणून फक्त एक पांढरी भिंत. तिच्यात उंचावर फिरत्या झडपा. त्यातून गायक एकदम प्रकट होतात. बाकी सगळे हाताने काढलेल्या आणि हलणाऱ्या चित्रांतून. रात्रीची राणी ही एक अवाढव्य कोळीण: तिचे नुसते डोके आणि धड जिवंत गायिकेचे, आणि आठ पाय भिंतभर पसरलेले. पक्षी पकडणारा पापागेनो बस्टर कीटनसारखा, चेहऱ्यावर रेषा न हलवता हसवणारा. आणि संवाद? ते सगळे काढून टाकलेले! त्यांच्या जागी मूकपटातल्या पाट्या येतात आणि खाली पियानोवर मोझार्टच्याच दुसऱ्या रचना वाजतात. माझ्या पलीकडे एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा बसला होता. कोळिणीने पहिला पाय टाकला तेव्हा त्याने आईचा दंड घट्ट धरला. आणि तिने तो मूळचा अवघड, उंच उंच जाणारा सूर लावला तेव्हा तो सोडला. सूर ऐकताना त्याला भीती वाटेनाशी झाली होती की भीतीचे नाव कळले होते, कोण जाणे. मला मात्र त्या क्षणी दिग्दर्शक काय करतो ते समजले. ते गाणे मी रेकॉर्डवर शंभरदा ऐकले असेल. त्यात जाळे विणणे आहे हे ऐकू आले ते त्या रात्री.

हा प्रयोग पुढे जगभर फिरला. पण त्याच वर्षी आपल्या कारकिर्दीचा श्रीगणेशा कॉस्कींनी केला तो याहून धाडसाने. माँतेव्हेर्दी हा सतराव्या शतकातला इटालियन संगीतकार. त्याचे तीनच ऑपेरा आज पूर्ण उपलब्ध आहेत. पहिला १६०७ चा, शेवटचा १६४३ चा. ते तिन्ही कॉस्कींनी एकाच दिवशी केले: सकाळी अकराला सुरुवात, रात्री अकराच्या सुमारास शेवट. आपल्या रात्रभर चालणाऱ्या दशावताराला त्यात नवल वाटणार नाही, पण बर्लिनकरांना वाटले. पूर्वी या घरात सगळे ऑपेरा जर्मन भाषांतरात गायचा दंडक होता, तोही कॉस्कींनी सैल केला. २०१३ मध्ये ‘ओपर्नवेल्ट’ या जर्मन मासिकाने कोमिशे ओपरला वर्षातले सर्वोत्तम ऑपेरागृह ठरवले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

नवा कारभारी वाड्यात आला की तो आधी कोठार उघडून पाहतो. कॉस्कींनी पाहिले. ज्या लोकांना १९३३ मध्ये घालवून दिले होते त्यांची बाडे तिथे धूळ खात होती. युद्ध संपून पासष्ट-सत्तर वर्षे झाली तरी त्यांना कोणी हात लावला नव्हता. जे लावत तेही त्यातला जाझ, चावटपणा आणि मसाला काढून, साखरेच्या पाकात घालून वाढत.

पॉल अब्राहाम हे त्यातले एक नाव. हंगेरियन ज्यू, बर्लिनमध्ये त्यांच्या चाली घरोघर वाजत. ‘सव्हॉयमधला बॉल’ हा त्यांचा ऑपेरेटा डिसेंबर १९३२ मध्ये बर्लिनला मोठ्या थाटात लागला. महिना-सव्वा महिना होतो न होतो तोच हिटलर आला. अब्राहाम पळाले: बुडापेस्ट, व्हिएन्ना, पॅरिस, क्यूबा आणि अखेर न्यूयॉर्क. तिथे त्यांना ओळखणारे कोणी नव्हते. १९४६ मध्ये त्यांच्या मनाचा तोल गेला. मॅडिसन ॲव्हेन्यूवर भर रहदारीत उभे राहून ते न दिसणाऱ्या वाद्यवृंदाला ताल देत होते, असे सांगतात. पुढची दहा वर्षे इस्पितळात गेली. १९५६ मध्ये त्यांना जर्मनीत परत आणले. १९६० मध्ये हँबर्गला ते वारले. याच ऑपेरेटाच्या दोन कवींपैकी एक, फ्रिट्झ लोहनर-बेडा, यांचा १९४२ मध्ये आउश्विट्झच्या छळछावणीत बळी गेला. एवढी हसरी चीज, आणि तिच्यामागे एवढी स्मशाने.

२०१३ मध्ये कॉस्कींनी ‘सव्हॉयमधला बॉल’ पुन्हा रंगमंचावर आणला. त्यांनी त्याचे श्राद्ध घातले नाही, हे महत्त्वाचे. त्यात त्यांनी छळछावण्या दाखवल्या नाहीत, काळे पडदे टांगले नाहीत. त्यांनी तो जसा होता तसा, मसाल्यासकट, नाचत-खिदळत केला. २०१५ मध्ये ऑस्कर श्ट्राउस यांचा एक ऑपेरेटा केला; तो १९३२ मध्ये याच इमारतीत, याच सोनेरी छताखाली पहिल्यांदा लागला होता. त्यातल्या सगळ्या भूमिका दोनच नटांनी केल्या: दारामागे टोप बदलून, मिशी लावून, मिशी काढून. प्रेक्षक हसून हसून बेजार झाले. या थिएटरपासून दहा-बारा मिनिटे चालत गेले की युरोपातल्या हत्या झालेल्या ज्यूंचे भले मोठे स्मारक लागते. करड्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचे, २००५ चे. ते हवेच. पण मला वाटते, घालवून दिलेल्या माणसाला खरा मान मिळतो तो त्याचा विनोद पुन्हा हसू आणतो तेव्हा.

हे झाले आपल्या माणसांचे. पण जो आपल्या माणसांचा वैरी, त्याचे काय करायचे?

रिशार्ड वाग्नर हा एकोणिसाव्या शतकातला जर्मन संगीतकार. ऑपेराच्या इतिहासातून त्याला वगळणे म्हणजे सह्याद्री वगळून महाराष्ट्राचा नकाशा काढण्यासारखे. आणि याच माणसाने १८५० मध्ये टोपणनावाने आणि १८६९ मध्ये उघडपणे स्वतःच्या नावाने ज्यू संगीतकारांविरुद्ध एक विखारी निबंध छापला. बायरॉइट या गावी त्याने खास स्वतःच्या ऑपेरांसाठी १८७६ मध्ये थिएटर उघडले. पुढे हिटलर तिथला लाडका पाहुणा झाला. वाग्नरच्या ‘न्यूरेंबर्गचे उस्ताद गवई’ या ऑपेराला तर नाझींनी जवळजवळ राष्ट्रीय सण करून टाकले. १९४३ आणि १९४४ च्या युद्धकालीन उत्सवांत बायरॉइटला हा एकच ऑपेरा होत होता.

गोष्ट तशी गोड आहे. आपल्याकडे नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावता माळी आपापला धंदा सांभाळून अभंग रचीत. तसे जर्मनीतल्या या गावात चांभार, सोनार, पाववाले संध्याकाळी कवने करीत आणि गात. हान्स साक्स हा त्यातला चांभार-कवी, मोठ्या मनाचा. आणि बेकमेसर हा गावचा कारकून, दुसऱ्याच्या चुका पाटीवर खडूने मांडणारा, अखेर मार खाणारा आणि हसे होणारा. या बेकमेसरमध्ये वाग्नरने ज्यूंची टवाळी केली आहे काय, यावर पंडितांचे भांडण अजून मिटलेले नाही.

वाग्नरची पणती काटारिना वाग्नर यांनी कॉस्कींना हाच ऑपेरा बायरॉइटला बसवायला बोलावले. बायरॉइटच्या इतिहासात तोवर एकाही ज्यू दिग्दर्शकाने तिथे काम केले नव्हते. कॉस्कींनी लगेच होकार दिला नाही. कित्येक महिने विचार केला. मग हो म्हटले, आणि २०१७ च्या उन्हाळ्यात पडदा उघडला.

पाहतात तो न्यूरेंबर्ग नाहीच! वाग्नरच्या स्वतःच्या घरातला दिवाणखाना. वाग्नर, बायको कोसिमा, सासरा फ्रान्झ लिस्ट, कुत्री, आणि कंडक्टर हेर्मान लेव्ही. लेव्ही हा इतिहासातला खरा माणूस. ज्यू धर्मगुरूचा मुलगा. वाग्नरचा ‘पार्सिफाल’ १८८२ मध्ये पहिल्यांदा त्यानेच संचालित केला, आणि तरीही तू ख्रिस्ती हो म्हणून वाग्नर त्याच्या मागे लागलेला असे. कॉस्कींच्या प्रयोगात वाग्नर घरातल्या मंडळींना घेऊन आपला ऑपेरा खेळायला बसतो. तो स्वतः होतो मोठ्या मनाचा साक्स, आणि ज्याचे हसे व्हायचे तो बेकमेसर होण्याचा प्रसंग येतो लेव्हीवर. दिवाणखान्यातला खेळ, पाहुणे हसताहेत. आणि ज्याच्यावर हसायचे तो माणूस काय करावे न कळून उभा आहे. अशा खोलीत आपण सगळेच कधी ना कधी बसलेलो असतो, हसणाऱ्यांच्या बाजूला. दुसऱ्या अंकाच्या शेवटी मारामारी होते तेव्हा रंगमंचावर एक भयंकर फुगा फुगत जातो: नाझी व्यंगचित्रांत ज्यूंचे डोके जसे काढीत तसे डोके. मग तो हळूहळू फुसकन बसतो. आणि तिसरा अंक घडतो कोर्टात. न्यूरेंबर्गच्या ज्या सहाशे क्रमांकाच्या दालनात १९४५-४६ साली नाझी पुढाऱ्यांवर खटला चालला, त्याच दालनात.

शेवटी साक्सचे जर्मन कलेची महती सांगणारे मोठे भाषण येते. या भाषणापाशी दिग्दर्शकांची गाडी अडते. काही ते लाजत लाजत उरकतात, काही त्याची टिंगल करतात. कॉस्कींनी काय केले? कोर्ट रिकामे केले. साक्स झालेला वाग्नर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात एकटा उभा आहे आणि प्रेक्षकांकडे तोंड करून गातो आहे. आरोपी आपली बाजू मांडतो आहे. न्यायाधीश कोण? तिकीट काढून बसलेले आपण. आणि मग मागची भिंत जाते, एक वाद्यवृंद पुढे सरकत येतो, आणि वाग्नर पाठमोरा होऊन त्याचे संचालन करू लागतो. त्याच्या बचावाला त्याच्यापाशी एकच गोष्ट आहे: ते संगीत. निकाल कॉस्की देत नाहीत.

हा प्रयोग मी चित्रफितीवर पाहिला आणि नंतर बराच वेळ अस्वस्थ होतो. वाग्नरचे संगीत ऐकू नये असे म्हणणाऱ्यांची कळकळ मला समजते. ज्यांचे आप्त गेले त्यांना कला आणि कलावंत वेगळे करा असा उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला नाही. उलट, ‘झाले गेले विसरा, सूर तेवढे ऐका’ म्हणणारेही पुष्कळ. कॉस्कींनी या दोन्ही सोप्या वाटा सोडल्या. ज्या माणसाने आपल्या आजोबा-पणजोबांना माणसात धरले नाही त्याच्या घरात हा नातू शिरला, मोडतोड केली नाही, पायाही पडला नाही. त्याने आरोपी उभा केला, आणि त्याला त्याचे सर्वांत सुंदर गाणे गाऊ दिले. आरोपीला इतकी प्रामाणिक संधी देणारा फिर्यादी विरळा.

म्हणून कॉस्कींचे सगळेच मला पटते असे समजू नका. त्यांच्या ‘कार्मेन’मध्ये नायिका गोरिलाच्या कातड्यातून बाहेर येते. हा मार्लीन डीट्रिचच्या जुन्या बोलपटाला केलेला नमस्कार आहे हे ठाऊक असूनही, तो प्रसंग मला संगीताच्या पुढे धावणारा वाटला. लंडनच्या रॉयल ऑपेरात २०२३ पासून त्यांनी वाग्नरची चार भागांची ‘रिंग’ हाती घेतली. पहिल्या भागात धरित्रीमाता म्हणून ऐंशी उलटलेली एक वृद्धा, अंगावर वस्त्र नसलेली, सबंध वेळ रंगमंचावर मूक असते. देव आणि राक्षस सोन्यासाठी भांडतात आणि ती पाहत राहते. लंडनमध्ये यावर पुष्कळ चर्चा झाली. माझ्यापुरती कसोटी साधी आहे: दिग्दर्शकाच्या कल्पनेमुळे गाणे अधिक ऐकू आले की कमी? कोळिणीमुळे अधिक ऐकू आले. गोरिलामुळे कमी.

२०२२ मध्ये दहा वर्षे पुरी झाल्यावर कॉस्कींनी कोमिशे ओपरच्या प्रमुखपदाचा निरोप घेतला. निरोपाचा खेळ म्हणून माणसे एखादी भारदस्त शोकांतिका निवडतात. कॉस्कींनी निवडले यिडिश गाण्यांचे आणि नाचांचे एक झगमगीत फार्सिकल संमेलन. न्यूयॉर्कजवळच्या कॅट्सकिल डोंगरातल्या हॉटेलांत सुटीला आलेल्या ज्यू कुटुंबांपुढे पूर्वी होत असे तसले. यिडिश ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची घरातली बोली. ती बोलणारी लाखो माणसे बर्लिनहून निघालेल्या हुकमांनी मारली गेली. त्याच बर्लिनच्या मध्यभागी, भरल्या थिएटरात, त्या भाषेत लोक हसत होते. ‘गिल्गुल’ म्हणतात ते हेच.

आपल्याकडे जुनी संगीत नाटके अजून होतात. हौशी मंडळी पदरमोड करून ती करतात, त्यांच्या निष्ठेला माझा नमस्कार आहे. पण पुष्कळदा ती देव्हाऱ्यातल्या टाकांसारखी बाहेर काढून, पुसून, पुन्हा आत ठेवली जातात. या पदापाशी सुभद्रा का थांबली, हे आज आपल्या मुलीला कोणी सांगते का? जुन्या कृतीवर प्रेम असेल तर तिला प्रश्न विचारायची हिंमत हवी, आणि उत्तर येईपर्यंत ऐकायचा धीर.

आणि शेवटी ती मेलबर्नची आजी. तिने नातवाला दिग्दर्शक करायचे असे काही ठरवले नव्हते. तिच्या हातून एक देश सुटला होता. त्यातले जेवढे पदरात बांधून आणता आले तेवढे तिने एका पोरापुढे सोडले. या दिवाळीच्या सुटीत घरी नातवंडे असतील तर त्यांना एखाद्या नाटकाला अवश्य न्या. मात्र आजीची शिस्त पाळा: आधी गोष्ट सांगा, मग दोन पदे ऐकवा आणि तिकिटे त्यानंतर काढा.